खान्देशातली माशी शास्त्रीय संग्रहापर्यंत कशी पोचवावी? नवख्यांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं-मुली प्रकल्पासाठी माश्या गोळा करतात. फळमाशी, खोडमाशी, गोठ्यातल्या माश्या असे चांगले विषय निवडतात आणि उन्हातान्हात राबतात. पण प्रबंध जमा झाला की माश्यांचा डबा प्रयोगशाळेच्या कपाटावर जातो आणि दोन पावसाळ्यांत आत भुगा उरतो. तेच नमुने नीट टाचून, लेबल लावून एखाद्या संग्रहालयाच्या कीटकसंग्रहात जमा केले, तर शंभर वर्षांनीही कुणी ती पेटी उघडून माशी तपासू शकतं. ही वाट मी चाललेय. तिच्यात अवघड काही नाही, फक्त सगळी माहिती एका जागी सापडत नाही, म्हणून हे लिहितेय.

एवढा खटाटोप कशासाठी, ते एका उदाहरणावरून सांगते. २००५ साली केनियातल्या नमुन्यांवरून बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स नावाची फळमाशीची नवी जात जाहीर झाली. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी दाखवून दिलं की ती आपल्या आंब्या-पेरूवरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसच आहे. त्याच वर्षी कारली-गिलक्यांवरची फळमाशी बॅक्ट्रोसेरातून निघून झ्युगोडॅकस या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) गेली. नावं अशी बदलत राहतात. जुना निष्कर्ष पुन्हा तपासायचा तर पिनवरची माशी काढून बघावी लागते. ती माशीच जपली नसेल, तर तुमच्या प्रबंधातलं नाव बरोबर होतं की चूक, हे सांगायला कुणाकडेच काही उरत नाही.

१. आधी गट ठरवा

‘मिळेल ती माशी’ गोळा करायला जाऊ नका. शास्त्रात माशी म्हणजे दोनच पंख असलेला कीटक. मागच्या पंखांच्या जागी टोकाला गोळी असलेले दोन बारीक संतोलक असतात. मधमाशी, गांधीलमाशी यांना चार पंख, म्हणून त्या यात येत नाहीत. डास मात्र येतात. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पिवळ्या-काळ्या सिरफिड माश्या हुबेहूब मधमाशीसारख्या दिसतात, तेव्हा भिंगातून पंख मोजायची सवय लावून घ्या.

खान्देशात विषयाला तोटा नाही. पेरू, आंबा, बोर आणि वेलवर्गीय भाज्यांवर फळमाश्या आहेत. ज्वारीच्या कोवळ्या रोपात पोंगेमर करणारी, म्हणजे मधला कोंब वाळवणारी खोडमाशी आहे, तुरीच्या शेंगेत शेंगमाशी आहे. हरभऱ्याच्या किंवा कपाशीच्या वावरात मावा पडला की त्यामागोमाग सिरफिड येतात, कारण त्यांच्या अळ्या मावा खातात. बांधावर उन्हात काडीच्या टोकाला बसून दुसरे कीटक झडप घालून धरणाऱ्या दरोडेखोर माश्या आहेत. पावसाळ्यात गुरांना छळणाऱ्या गोमाश्या आहेत. यातला एकच गट घ्या. नवख्या माणसाला मी फळमाशीच सुचवेन, कारण ती हमखास सापडते, तिच्या पंखांवरच्या पट्ट्यांवरून ओळख बरीच पुढे जाते आणि शेतकऱ्यालाही तिचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

२. परवानगी

स्वतःच्या वावरात किंवा मालकाच्या तोंडी होकारावर शेजाऱ्याच्या मळ्यात फळमाश्या पकडायला वनखात्याकडे जावं लागत नाही. पण यावल अभयारण्य, अनेर धरण अभयारण्य, गौताळा ही नावं यादीत असतील तर थांबा. अभयारण्यात नमुने गोळा करायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तोरणमाळ, पाल यांसारख्या ठिकाणी राखीव वनात शिरणार असाल तरी विभागीय वनाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करा. फाटकावरच्या वनरक्षकाने ‘जा हो’ म्हटलं, एवढ्यावर जाऊ नका. परवानगीशिवाय आणलेला नमुना संग्रहालय घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

अर्जासोबत साधारण ही कागदपत्रं लागतात:

- महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या लेटरहेडवर मार्गदर्शकांचं पत्र
- प्रकल्पाची एक-दोन पानांची रूपरेषा: कोणता गट, कुठे, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पद्धतीने, अंदाजे किती नमुने
- तुमचं ओळखपत्र आणि सोबत येणाऱ्यांची नावं
- नमुने शेवटी कुठे जमा करणार, त्या संस्थेचं नाव

शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. तो असला की अर्जाला वजन येतं. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा पावसाळ्यातल्या कामाचा अर्ज होळीच्या सुमारास द्या.

परदेशातल्या तज्ज्ञाने ‘पाठवून दे, ओळखून देतो’ असं कळवलं तरी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला विचारल्याशिवाय एकही माशी देशाबाहेर पाठवू नका. २००२चा जैविक विविधता कायदा इथे लागू होतो. फोटो खुशाल पाठवा.

३. सामान

- जाळी: मऊ मलमलीची, तळ निमुळता
- शोषनळी: बारीक माश्या तोंडाने ओढून धरायला दोन नळ्या बसवलेली छोटी बाटली, ओढायच्या नळीला आतून मलमल हवीच
- कीटकांच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना, ३८ मि.मी. लांबीच्या, १ ते ३ क्रमांकाच्या. बारीक माश्यांसाठी सूक्ष्म पिना
- जाड कागदाचे त्रिकोण आणि पाण्यात विरघळणारा डिंक
- ७० ते ८० टक्के अल्कोहोल (महाविद्यालयाच्या भांडारातून रीतसर घ्या)
- झाकणाच्या काचेच्या कुप्या, वाकड्या टोकाचा चिमटा, १० पट मोठं दाखवणारं भिंग
- घट्ट झाकणाची पेटी, तळाला दाट पांढरा फोम
- पेन्सिल, वही आणि अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाईल

शिंप्याच्या टाचण्या वापरू नका. त्या गंजतात, आणि गंज फुगून माशीची छाती उकलते. पेटीला थर्मोकोल लावून आत डांबरगोळी ठेवायची चूकही फार होते. डांबरगोळीच्या वाफेने थर्मोकोल विरघळतो आणि पिना आडव्या होतात. सुटी गोळी घरंगळली तर सगळ्यांचे पाय मोडते ते वेगळंच. डांबरगोळी लागलीच तर कापडात बांधून, पिनेने कोपऱ्यात पक्की करा. फोम मात्र दाटच हवा.

४. पकडणं

जाळी घेऊन फिरायला लागलात की बांधावरून कुणी ना कुणी ‘काय करी राह्यना रे भो?’ असं विचारणारच. नीट सांगा. कुठल्या झाडाखाली किडकी फळं पडली आहेत आणि कुठल्या गोठ्यात माश्या जास्त आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

सिरफिड, दरोडेखोर माश्या, गोमाश्या जाळीने मिळतात. सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपार कलल्यावर जा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा भर दुपारी काही मिळत नाही, आणि मिळालेली माशी घरी पोचेपर्यंत कडक होते. गवताळ बांधावर पिवळ्या ताटल्यांत पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकून ठेवले की बारीकसारीक माश्या आपोआप येतात. संध्याकाळी गाळून अल्कोहोलमध्ये काढा.

फळमाशीसाठी शेतकरी वापरतात तेच कामगंध सापळे चालतात. मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाला बॅक्ट्रोसेराच्या डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या तीन जातींचे नर येतात. वेलभाज्यांसाठी क्यू-ल्युअर लावा. सापळा दोन-तीन दिवसांत रिकामा करा. पाऊस आत शिरला की एका रात्रीत लगदा होतो.

पण सापळ्यात फक्त नर येतात, आणि माशी फळाजवळ दिसली म्हणजे त्याच फळात वाढली असं म्हणता येत नाही. म्हणून माझ्या मते खरी किंमत फळातून वाढवलेल्या माशीला आहे. डंख लागलेले पेरू, बोरं किंवा गिलकी आणा. एका जातीचं फळ एका डब्यात. डब्याच्या तळाला दोन बोटं ओलसर चाळलेली वाळू, वर फळं, तोंडाला मलमल आणि रबर. डब्यावर क्रमांक टाका आणि तोच वहीत लिहा. अळ्या फळातून उड्या मारत बाहेर येतात आणि वाळूत कोष करतात. वाळू चाळून कोष वेगळे काढा. साधारण आठवडा ते बारा दिवसांत माश्या निघतात, थंडीत जास्त लागतात.

इथे एक चूक सर्रास होते. माशी निघाली की आनंदाने लगेच मारतात. ताजी निघालेली माशी फिकट आणि मऊ असते. वाळली की तिचा चेहरा आत बसतो, छातीवरचे पिवळे पट्टे उमटलेलेच नसतात, आणि ओळख अडते. तिला मलमलीच्या पिंजऱ्यात साखर आणि ओला कापूस देऊन तीन-चार दिवस जगवा. रंग पक्के झाले की मग मारा. त्याच कोषांतून कधी माशीऐवजी बारीक परजीवी गांधीलमाश्या निघतात. त्या फेकू नका. त्याच क्रमांकाने वेगळ्या ठेवा, कुणीतरी त्यांच्याच शोधात असतं.

५. मारणं आणि वाळवणं

सगळ्यात सोपं म्हणजे फ्रीझर. कुपीत कोरड्या टिश्यूचा तुकडा घालून रात्रभर ठेवा. घरचा फ्रीज असेल तर झाकणाचा वेगळा डबा करा आणि घरच्यांना आधी सांगा. प्रयोगशाळेत इथाइल ॲसिटेटची मारणबाटली मिळेल, ती मात्र काचेचीच हवी.

अळ्या आणि डासांच्या अळ्या अल्कोहोलमध्ये राहतात. मोठ्या माश्यांना फार काळ अल्कोहोलमध्ये ठेवलं की रंग उडतो, त्यांना टाचणंच बरं. टाचलेल्या माश्या वाळत ठेवताना मुंग्यांची काळजी घ्या. फळी वाटीवर आणि वाटी पाण्याच्या ताटलीत, एवढं केलं की रात्र निभावते. माशी आधीच कडक झाली असेल तर ओल्या वाळूच्या बंद डब्यात, पाण्याला न लागता, एक रात्र ठेवा. ती पुन्हा लवचीक होते.

६. टाचणं

पिन छातीच्या मधोमध कधीच घालायची नाही. मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून घालायची, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. माशीच्या छातीवर ठरावीक जागी ठरावीक राठ केस असतात आणि कित्येक कुळं त्यांवरूनच ओळखतात. उदाहरणार्थ, हिरवट-निळ्या चमकदार मांसमाश्यांना मागच्या पायाच्या मुळाच्या वर केसांची एक उभी रांग असते, ती घरमाशीला नसते. पिन नेमकी त्यावरून गेली तर ओळखच गेली.

माशी पिनेवर इतकी वर घ्या की वरच्या टोकाला चिमट्याने धरायला सुमारे १० मि.मी. जागा उरेल. पिन सरळ उभी, माशी आडवी. चिमट्याने पाय हलकेच खाली ओढा, पंख अंगावरून बाजूला करा, म्हणजे पोट आणि पंखांच्या शिरा दोन्ही दिसतील. फळमाशीच्या मादीची अंडी घालायची नळी दाबून थोडी बाहेर आली तर फार उपयोग होतो. पाच मिलिमीटरच्या आतल्या माशीला थेट पिन नको. कागदी त्रिकोणाच्या टोकाला डिंकाचा सूक्ष्म ठिपका देऊन तिची उजवी बाजू चिकटवा आणि पिन त्रिकोणाच्या रुंद बाजूतून घाला. डिंक डोळ्याला किंवा पंखाला लागू देऊ नका.

७. लेबल

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एक पंख तुटलेली, पण पूर्ण लेबल असलेली माशी संग्रहालय घेईल. अतिशय सुंदर टाचलेली, पण कुठून आली ते ठाऊक नसलेली माशी शास्त्राला निरुपयोगी आहे.

लेबल इंग्रजीत, आम्लमुक्त जाड कागदावर, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत करतात. मजकूर असा हवा (इथे समजायला मराठीत दिलाय):

*भारत: महाराष्ट्र: जि. जळगाव, ता. रावेर, रावेर, २१.२४° उ., ७६.०३° पू.; (तारीख); पेरूच्या फळातून वाढवली, डबा क्र. ७; संग्राहक (नाव)*

हा फक्त नमुना झाला. त्यातल्या एकेका गोष्टीमागे कारण आहे.

गावाचं नाव पुरत नाही. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते एसटीच्या वाहकाला विचारा. म्हणून तालुका आणि जिल्हा हवाच. पण तेही बदलतात. खान्देश हा एकच जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश असा विभागला गेला. पूर्व खान्देशाचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. जुन्या लेबलावर नुसतं ‘पश्चिम खान्देश’ असेल तर ती माशी तापीकाठच्या कपाशीतली की तोरणमाळच्या डोंगरातली, हे आज कुणी सांगू शकत नाही. अक्षांश-रेखांश बदलत नाहीत, म्हणून ते लिहायचे, आणि ते जिथे माशी धरली तिथे उभं राहून नोंदवायचे. घरी येऊन नकाशावर गावाचा ठिपका बघून नव्हे. डोंगरात असाल तर समुद्रसपाटीपासूनची उंचीही जोडा. एकाच नंदुरबार जिल्ह्यात तापीचं खोरं आणि हजार मीटरच्या वरचं तोरणमाळ दोन्ही आहेत.

तारखेत महिना रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे. ‘५/८’ म्हणजे आपल्याला पाच ऑगस्ट, अमेरिकेतल्या माणसाला आठ मे. महिना रोमन अंकांत असला की हा घोळ होत नाही. वर्ष चारही आकडी लिहा.

पद्धत आणि यजमान झाड न चुकता लिहा. ‘पेरूवर सापडली’ आणि ‘पेरूतून वाढवली’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिलीत माशी नुसती पानावर विसावा घेत असू शकते.

हे लेबल माशीखाली त्याच पिनेत, सगळ्यांचं एकाच उंचीवर. ओळख पटल्यावर जातीचं नाव, कुणी ओळखली आणि कोणत्या वर्षी, याचं दुसरं लेबल त्याखाली. पुढे कुणी ओळख बदलली तर तो आपलं लेबल खाली जोडतो, जुनं काढून टाकत नाही. तुम्हीही कुणाचं काढू नका. कुपीतल्या नमुन्याचं लेबल कुपीच्या आत, पेन्सिलने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि बाहेर चिकटवलेला कागद कधीतरी गळून पडतोच. लेबल त्याच दिवशी करा, निदान क्रमांकाची चिठ्ठी तरी. ‘आठवतंय मला’ यावर विसंबू नका.

८. ओळख कुठपर्यंत न्यायची

कुळापर्यंत स्वतः जा, जमलं तर प्रजातीपर्यंत. त्यापुढे खात्री नसेल तर तसंच सोडा. इंटरनेटवरच्या फोटोशी जुळवून जातीचं नाव ठोकून देऊ नका. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले द्विपंखी कीटकांचे खंड (१९१२, १९२०, १९२३) डिजिटल स्वरूपात फुकट वाचायला मिळतात. ओळखतालिका, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारी यादी, कशी चालवायची हे त्यांतून छान कळतं, पण त्यांतली बरीच नावं आता बदलली आहेत, म्हणून आलेलं नाव अलीकडच्या यादीत पडताळून घ्या.

९. संग्रहालयाशी बोलणं आणि पेटी पोचवणं

आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्याच्या आकुर्डीतलं पश्चिम प्रादेशिक केंद्र. संस्था १९१६ची, मुख्यालय कोलकात्याला. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जुना संग्रह आहे. पिकांवरच्या माश्यांसाठी दिल्लीच्या पुसा संस्थेतला राष्ट्रीय संग्रह आणि बंगळुरूची कृषी कीटक संसाधन संस्था, यांचाही विचार करा.

पेटी घेऊन थेट दारात उभे राहू नका. आधी ईमेल करा. गट कोणता, किती नमुने, कुठले, टाचलेले की अल्कोहोलमध्ये, हे चार ओळींत लिहा आणि दोन-तीन स्पष्ट फोटो जोडा. ओळख करून देण्याला शुल्क असू शकतं, ते त्याच पत्रात विचारून घ्या. होकार आला की ही कागदपत्रं तयार ठेवा: नमुन्यांची क्रमवार यादी (छापील आणि एक्सेलमध्ये), मार्गदर्शकांचं पत्र, लागू असेल तिथे वनखात्याच्या परवानगीची प्रत, आणि नमुने कायमचे सुपूर्द करत असल्याचं सहीचं पत्र.

जमलं तर पेटी स्वतः घेऊन जा. रेल्वेत वरच्या फळीवर नको, मांडीवर. पुण्याहून लोणावळा लोकलने आकुर्डी स्टेशन गाठता येतं. पाठवायचीच झाली तर प्रत्येक जड माशीच्या दोन्ही बाजूंना जास्तीच्या पिना टोचा, म्हणजे ती पिनेवर फिरून शेजारणीला मोडणार नाही. ती पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सगळीकडून चार बोटं मऊ भराव देऊन. अल्कोहोलच्या कुप्या कुरिअरने पाठवू नका, तो ज्वलनशील माल आहे.

पेटी पोचली की बहुतेक ठिकाणी ती आधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण बाहेरून आलेल्या पेटीतून संग्रह पोखरणारे बारीक भुंगेरे आत शिरले तर जुन्या नमुन्यांचा फडशा पडतो. तेव्हा लगेच उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका.

नोंदणी झाली की प्रत्येक नमुन्याला क्रमांक मिळतो. तो लेखी मागून घ्या आणि प्रबंधात, शोधनिबंधात जातीच्या नावापुढे छापा. जात नवीन निघाली, तर तिचा नमुना नेमून दिलेल्या राष्ट्रीय संग्रहात जमा करणं २००२च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

१०. संग्रह बघायला जाल तेव्हा

तुमची माशी तिथल्या माश्यांशी ताडून पाहायची असेल तर दिवस ठरवून घ्या आणि कोणत्या कुळाचे ट्रे हवेत ते आधी कळवा. सोबत ओळखपत्र, विभागप्रमुखांचं पत्र, स्वतःचं भिंग आणि पेन्सिल असू द्या. ट्रे उघडण्याआधी पंखा बंद करायला सांगा. पिन माशीच्या वरून धरायची आणि सरळ उचलायची. लाल लेबल लावलेला नमुना बहुधा ज्यावरून त्या जातीचं मूळ वर्णन झालं तो असतो. तो तिथल्या माणसाने काढून दिल्याशिवाय हाताळू नका. फोटो घेताना माशीसोबत तिच्या सगळ्या लेबलांचाही घ्या, आणि छापायचा असेल तर परवानगी त्याच दिवशी लेखी मागा.